सातावर अडलेला आकडा

वडनेर भोलजीहून फोन आला तेव्हा माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे सुरळीत, होतं. फोनवर श्रीरामभाऊ नावाचे शेतकरी होते. त्यांनी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, चार बोंडं फोडून पाहिली होती आणि तिनांत गुलाबी अळी निघाली होती. "बाजूच्या गावाले मेसेज गेला. आमाले काऊन नाही?" बघते म्हटलं.

आमचं काम असं. कपाशीच्या शेतात कामगंध सापळे टांगतात, त्यात बोंडअळीचे पतंग अडकतात. बीटी कपाशीला ही अळी जुमानेनाशी झाली, तेव्हापासून पतंग रोज मोजावे लागतात. गावातलीच एक बाई ते मोजते आणि मोबाइलवरून आकडा पाठवते. तो आमच्या सर्व्हरवर येतो. सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला भाड्याचा कॉम्प्युटर. सापळ्यामागे सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग आले, की गावाला फवारणीचा मेसेज जातो. या सगळ्यावर पहारा ठेवणं माझं काम. सर्व्हर बंद पडला, मेसेज अडकला किंवा आकडाच आला नाही, तर माझ्या फोनवर अलर्ट वाजतो. हे अलर्ट मी स्वतः लावले होते आणि त्याचा मला भारी तोरा होता.

दोन दिवस कोड चाळला. चूक सापडेना. शेवटी वैतागून वडनेरचे नुसते आकडे काढले. सात, सात, सहा, सात, सात, सात. असे अकरा दिवस. शेजारच्या गावांत बारा-पंधरा. आता पतंग काय गावाची शीव बघून उडतात?

आकडे वंदनाताई पाठवत होत्या. पुण्यात आमच्या सरांनी लगेच निकाल दिला: बाई घरी बसून आकडे ठोकते, दुसरी नेमा. मलाही तेच वाटलं. पण मी मूळची खामगावची, वडनेर पायाखालचं. आधी जाऊन बघते म्हटलं.

वंदनाताई मला शेतात घेऊन गेल्या. मी सापळा उघडून मोजलं. चौदा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या मला सरळ घरी घेऊन गेल्या.

बाजेवर त्यांचे यजमान गजाननभाऊ पडले होते. डोळे लालभडक. ते पाठीवर पंप घेऊन लोकांच्या शेतात मजुरीने फवारणी करतात. आधीच्या फवारणीत शेतातच चक्कर येऊन पडले होते. दोन दिवस सलाईनवर होते. ना मास्क, ना चष्मा. मेसेज आला की सगळं गाव त्यांनाच बोलावणार.

"ते कामाले नाही म्हनत नाहीत," वंदनाताई म्हणाल्या. "मंग म्याच आकड्याले आठ होऊ देलं नाही."

आठाचा नियम ट्रेनिंगमध्ये मीच शिकवला होता. फळ्यावर लिहून, भोवती गोल काढून. मला राग यायला हवा होता, आली ती लाज. सर्व्हरची डिस्क किती भरली हे मला मिनिटामिनिटाला कळत होतं. पंप उचलणारा माणूस माझ्या एकाही स्क्रीनवर नव्हता.

तरी सांगावं लागलंच, की श्रीरामभाऊंच्या बोंडात अळी आहे.

"ठाऊक हाय. रोज त्यायच्याच वावराच्या धुऱ्यावरून जाते. मान वर होत नाही माही."

चौदा हा आकडा त्यांनी माझ्यासमोर पाठवला. मी अंगणातूनच सरांना फोन लावून सांगितलं: मेसेज आजच जाईल, तीन दिवस थांबायचं नाही. आणि पहिल्या ओळीत मास्क, चष्मा, हातमोजे. ज्याचं शेत त्याने फवारणाऱ्याला द्यायचे. सर म्हणाले, आपली सॉफ्टवेअर कंपनी आहे, हे आपलं काम नाही. मी म्हटलं, "सर, बाईंना काढलं तर पुढची बाईही सातच लिहील. तिच्याही घरात कुणीतरी फवारतच असेल." सर पाठव म्हणाले.

संध्याकाळी वंदनाताई स्वतः श्रीरामभाऊंकडे गेल्या आणि सगळं कबूल केलं. श्रीरामभाऊंची पहिली वेचणी पुढे निम्मी किडकी निघाली, ती काही भरून आली नाही. पण कबुलीच्या दुसऱ्याच दिवशी खामगावहून चष्मा, मास्क आणि हातमोजे घेऊन आले ते तेच. आठवडाभर गजाननभाऊंना पंपाला हात लावू दिला नाही, स्वतःच्या शेतात स्वतः फवारलं.

मी एक नवा अलर्ट लावला. आकडा आठाच्या जेमतेम खाली चार दिवस घुटमळला, की तो फक्त माझ्या फोनवर वाजतो. सरांना जात नाही. मग मी त्या गावाला फोन करते आणि आकडा सोडून आधी घरच्यांची चौकशी करते.

पुढच्या हंगामात तो वाजला, वडनेरचाच. मी जरा घाबरतच फोन लावला.

"नाही वो ताई, खरंच सात हायेत," वंदनाताई म्हणाल्या. "या न् मोजून घ्या." मागून गजाननभाऊ विचारत होते, माहा चष्मा कुठी ठेवला.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं: अलर्ट बरोबर, आकडाही बरोबर. फोन मात्र करत राहावा.