एकतीस पानांचे आभार

गणितात एम.एस्सी. व्हायला काय काय लागतं, हे मला बायकोमुळे कळलं. चार सत्रांचे पेपर, ठरलेली हजेरी, सेमिनार, प्रकल्प आणि शेवटी तोंडी परीक्षा. ती लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. दोन वर्षांत ही पदवी मिळाली नाही तर तास बंद, असं तिला बजावलं होतं. म्हणून पंचेचाळिशीत विद्यापीठासाठी तिची नांदेडची एसटी सुरू झाली. मी मोंढ्यात, धान्याच्या अडतीवर हिशेब लिहितो.

पेपर निघाले. अडलं प्रकल्पापाशी. तिची सिद्धता नऊ पानांत संपली आणि अट किमान चाळीस पानांची. शिवाय नकल दहा टक्क्यांच्या आत हवी. सॉफ्टवेअरनं तेहतीस दाखवली, कारण तीन पानं व्याख्यांचीच होती.

"व्याख्या आपल्या शब्दांत लिहा की मॅडम," गाईड सर म्हणाले.

"सर, शब्द बदलले तर ती व्याख्याच राहत नाही."

"मशीनला ते कळत न्हाई."

घरी येऊन तिनं 'प्रत्येक'च्या जागी 'जवळपास सगळे' घालून पाहिलं. मशीन खूश झालं, पण प्रमेय खोटं पडलं.

मग मी हिशेब मांडला. "नऊत तीन म्हणजे तेहतीस टक्के. चाळिसात तीन म्हणजे साडेसात. व्याख्यांना हात लावू नको. फक्त एकतीस पानं अशी हवीत, जी जगात कुणी लिहिली नाहीत."

अशी पानं एकाच प्रकरणात बसतात, ते म्हणजे ऋणनिर्देश. मी मराठीत लिहीत गेलो, तिनं नाक मुरडत इंग्रजी केलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांना आधी शाल-नारळ झाला. मी पेढे घेऊन दारातच होतो.

"मॅडम, कंडक्टरचे आभार दीड पान?"

"सर, हजेरीची अट होती. सकाळची गाडी ते माझ्यासाठी थांबवायचे."

"आणि सासूबाईंचे चार?"

"परीक्षेच्या दिवसांत पाहुणे त्यांनी परस्पर नायगावला नणंदेकडे वळवले."

परीक्षक मनापासून हसले. तिनं खडू उचलला. "सर, सिद्धता सांगू?"

"कशाला? अभ्यास दिसतोय की."

"चला सर, जेवण गार व्हायलंय," गाईड सर म्हणाले.

ती उत्तम गुणांनी पास झाली, तास वाचले. परतीच्या एसटीत मात्र लोहा जाईपर्यंत ती सिद्धतेची नऊ पानंच चाळत राहिली. मग तिनं पिशवीतून तोच खडू काढला, पुढच्या सीटच्या पाठीवर एक गोल काढला आणि म्हणाली, "अहो, ऐका."

अहमदपूरपर्यंत मी ऐकलं.

"कळलं?"

"जवळपास सगळं."

तिनं गोल पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.