टेबलाखालचे खापर

दि. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी पिंप्राळ्यातल्या फ्रेमवाल्या लीलाधर आबांनी माझ्या हातात ६४० रुपयांचे बिल ठेवले. फ्रेमचे ठरले होते ६००.

चित्र माझ्या मुलीने, मयुरीने, परदेशातल्या एका संग्रहालयातून आणलेले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या शाईच्या चित्राची छापील प्रत. तपकिरी शाई, घाईघाईच्या रेघा. मागे गोष्ट लिहिली होती : दोन देव वाटसरूंच्या वेषात गावभर फिरले, सगळ्यांनी दारे लावून घेतली, एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याने मात्र जेवायला बसवले. खालच्या कोपऱ्यात एक डाग होता. तो पुठ्ठ्याच्या चौकटीखाली झाकायला मी आबांना सांगितले होते.

आबांनी तो झाकला नव्हता. उलट तो दिसावा म्हणून चौकट मोठी केली होती; वरचे चाळीस त्याचेच.

"आबा, डाग तसाच राहिला."

"डाग नाही भाऊसाहेब, खापर आहे ते." त्यांनी काचेवर अंगठा ठेवला. "टेबलाचा एक पाय आखूड आहे. म्हातारीने खाली खापर सारलंय."

आबा मुळात सुतार. मी चष्मा पुसून पाहिले. खरेच, म्हातारी वाकलेली होती आणि तिचा हात टेबलाखाली होता.

"पण चित्र देवांचं आहे. सगळा उजेड त्यांच्यावर आहे."

"असू द्या. रोज चार माणसं जेवत असती, तर हा पाय कधीच दुरुस्त झाला असता. या घरी कोणी येत नाही. म्हणून पाहुणे बसल्यावर टेबल हललं, तेव्हा कळलं." मग म्हणाले, "पुढं काय होतं यांचं?"

"देव वर देतात. दोघं एकाच क्षणी जातात, त्यांची झाडं होतात."

"एकदम दोघं?" आबांनी काचेवरचा अंगठ्याचा ठसा पुसला. "मग बरंय."

त्यांची बायको जाऊन सहा वर्षे झाली होती. मुलगी रूपाली पिंपळनेरला दिलेली.

माझ्याकडे सहाशेच सुटे होते. आबा म्हणाले, "चाळीस राहू द्या. रविवारी जेवायला या, फिटले. भरीत करतो. वांगी बामणोदची आणतो."

"येतो," मी म्हणालो.

पहिल्या रविवारी पतपेढीत ऑडिटची तयारी होती. दुसऱ्या रविवारी भुसावळला लग्न होते. तिसऱ्या रविवारी काही नव्हते. मी घरीच होतो. माझ्या जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या आहेत. पाचांवर वर्तमानपत्रे असतात.

२ मार्चला गेलो. दुकानाला कुलूप होते. शेजारच्या बेबाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या.

"आबा?"

"पोरगीकडे गयात, पिंपळनेरले. सामान बी संगे लई गयात." त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिले. "भरीत खावाले येणार व्हतात, ते तुम्हीच का?"

"हो."

"तीन ऐतवार वांगा भाज्यात त्यासनी. दोन ताटं मांडीसन बसेत. मंग बठ्ठं, सगळंच भरीत मालेच खानं पडनं!" त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"परत कधी येतील?"

"आते कसाले येतीन? दुकान बंद करी टाकं त्यासनी."

चित्र जेवणाच्या टेबलासमोर लावले आहे. आबांचे चाळीस रुपये माझ्याकडे बाकी आहेत.