खंडेनवमीचं इंजिन

निवृत्त झाल्यावर डोंबिवलीच्या घरात, गॅलरीतल्या टेबलावर मी वाफेवर चालणारं एक छोटं इंजिन बनवलं. वीतभर पितळी बॉयलर, एक सिलिंडर आणि एक चाक. शेवटचा स्क्रू बसला तो नेमका खंडेनवमीच्या सकाळी. पाणी भरून स्पिरिटचा दिवा पेटवणार, तोवर बायकोने इंजिन उचललं आणि माझ्या करवती-कानशींशेजारी पाटावर मांडलं. पूजेच्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, हे कारखान्यात मीच जन्मभर पाळलेलं. त्यामुळे मी दिवा बाजूला ठेवला. हळद, कुंकू, झेंडू, सगळं यथासांग झालं.

दसऱ्याला दिवा पेटवला. पाणी उकळलं, वाफ धरली, पण चाक हलेना. बोटाने ढकललं तर खरखरलं. तेल सोडायच्या भोकांतून कुंकू आत गेलं होतं आणि तेलात कालवून त्याचा लगदा झाला होता. मी गॅलरीचं दार लोटून घेतलं, सगळं खोललं, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसलं, बोळा केरात टाकला, परत जोडलं. संध्याकाळी चाक गरगर फिरलं.

"बघा, पूजा केली म्हणून चाललं," बायको म्हणाली. मी हो म्हटलं. वाद घालायचा मला कंटाळा आहे.

यंदा मी आधीच त्या भोकांत मेण भरून ठेवलं. ती कुंकवाचं बोट घेऊन वाकली आणि थांबली.

"मेण कशाला? मी चाकालाच लावणार होते. गेल्या वर्षी केराच्या डब्यातला तो लाल बोळा मीच बाहेर टाकला ना."