कडेच्या झाडाचं नाव

शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर यांबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही माहीत नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण शाळेत चौथीपर्यंत रोज मागत होते, ती सवय राहिली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि हात कोयतीला सरावलेला, त्यामुळे अक्षर सरळ उभं राहत नाही. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून लिहिते.

आमचं घर आरे-वारेच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. घरामागे कातळ संपून उतार लागतो तिथे एक मोठं झाड आहे. सासरी त्याला नाव नव्हतं. सगळे ‘कडेचं झाड’ म्हणायचे. आंबा, काजू, फणस यांची नावं लहान मुलांनाही येतात, कारण त्यांचं काही ना काही हातात पडतं. याचं काही मिळत नव्हतं, म्हणून कोणी चौकशी केली नाही.

माझं माहेर राजापूरच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. तिकडे ही झाडं पुष्कळ. गणपती झाले की पिवळ्या फुलांनी भरतं, मग पापडासारख्या गोल शेंगा लागतात, मध्ये फुगीर. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ते ओळखलं होतं. बिवळा. पण नव्या सुनेला झाडाचं नाव कोण विचारतो? पुढे मी जुनी झाले, तरीही कोणी विचारलं नाही.

आमच्या घरात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलत नाही. गावात ही रीत आता फारशी उरली नाही, आमच्याकडे उरली, आणि खरं लिहायचं तर मला ती सोयीची होती. भाऊजी मुंबईला नोकरीत होते तोवर शिमग्याला आणि गणपतीला मिळून वर्षात दहा-बारा दिवस न बोलायचं असे. निवृत्त होऊन आले आणि ते रोजचं झालं. काही सांगायचं असलं तर मी जाऊबाईंना सांगायची, त्या भाऊजींना सांगायच्या. भाऊजी दोन हातांवर बसलेले असले तरी.

तीन वर्षांपूर्वी कडेच्या झाडाची फांदी विजेच्या तारेला लागायला लागली, म्हणून भाऊजींनी ती तोडून घेतली. खोडाच्या जखमेतून लालभडक चीक वाहू लागला, अगदी रक्तासारखा. भाऊजींनी फोन काढून फोटो घेतले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या फोनने सांगितलं, हे रक्तचंदन. किंमतही फोननेच सांगितली. ती ऐकून जाऊबाईंनी झाडाकडे पाहून हात जोडले. इतकी वर्षं त्या तिथेच राख टाकत होत्या.

फोनमधल्या चित्रात एकेका देठाला तीन-तीन पानं होती. आमच्या झाडाला पाच-सहा. हे मुलीने दाखवलं तेव्हा भाऊजी म्हणाले, कोकणात पाऊस जास्त पडतो, मग पानंही जास्त येणार.

तरी खात्री असावी म्हणून त्यांनी ग्रामदेवीला कौल लावला. गुरवांनी देवीच्या अंगाला दोन्हीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, झाड रक्तचंदनाचं असेल तर उजवा दे. मी मागे खांबाजवळ उभी होते. मुंबईच्या मंडळाने त्या वर्षी देवळाला भिंतीवरचा पंखा दिला होता आणि तो देवीच्या उजव्या अंगाला लावला होता. पंखा लागल्यापासून गावाला उजवेच कौल मिळत होते. यात देवीचा दोष नाही. वारा लागला की पाकळी सुकते आणि सुकली की पडते. उजवी पडली. भाऊजींनी नारळ दिला.

फोन झाला, देवी झाली, आता माझं कोण ऐकणार होतं? तरी त्या दुपारी मी जाऊबाईंना म्हटलं, “वैनी, तो बिवळा हाय. माझ्या माहेरी रानात कितीतरी हायत.”

“आता ह्ये मी त्यांना सांगू?” त्या म्हणाल्या. “जेवतायत ते. जेवण टाकून उठतील गो.”

भाऊजी जेवले, मग झोपले, आणि माझा निरोप चुलीपाशीच राहिला. मला दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. सांगून झालं असं मनाशी म्हटलं आणि भांडी घासायला गेले.

आठ दिवसांत घाटावरचा एक व्यापारी आला. जुने दरवाजे, पलंग वगैरे घेऊन विकण्याचा त्याचा धंदा. त्याने नखाने साल खरवडली, लाल झालेलं नख बघितलं आणि पंधरा हजार रुपये बयाणा दिला. उरलेले दोन लाख झाड तोडताना. झाडाची जागा वाटणीत आमच्या ह्यांच्या नावावर आली होती, म्हणून कागदावर सही ह्यांची झाली. हे दुसऱ्याच्या बागेत कलमांची राखण करतात. मोठ्या भावाने पुढे केलेल्या कागदावर सही करायची, एवढंच त्यांना माहीत. पैसे भाऊजींकडे राहिले आणि त्यांचं लोखंडी गेट झालं. त्यावर भाऊजींचं नाव. गेट फार छान झालं. त्याच्या दोन्ही बाजूंचा दगडांचा गडगा पडलेला असल्यामुळे गुरं मात्र पूर्वीसारखीच बाजूने येत राहिली.

मार्गशीर्षात व्यापारी उद्या येतो म्हणून कळलं. वरच्या वाडीतल्या एकाने परवान्याशिवाय झाड तोडलं होतं आणि तो अजून कोर्टाच्या तारखांना जात होता. ह्यांनी भावाला परवान्याचं विचारलं. भाऊजी म्हणाले, ते सगळं व्यापारी बघेल. मी कागदाचा विचार करत होते. त्यावर व्यापाऱ्याचं नाव नव्हतं, भाऊजींचंही नव्हतं. तारखांना जाणार ते आमचे हे. तेही अशा झाडापायी, की जे पडल्यावर दोन लाख कोणी देणार नव्हतं.

तोडलेल्या फांदीचा ओंडका पडवीत होता. त्याच्या मधल्या गाभ्याची एक ढलपी काढून मी पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात पाण्यात टाकली. माहेरी शेजारचे एक काका साखरेच्या आजारावर बिवळ्याचं असंच पाणी पीत, त्यामुळे त्याचा रंग मला ठाऊक होता.

सकाळी टेम्पो आला. व्यापारी आणि झाडं तोडणारा एक वयस्क माणूस, सोबत मशीनची करवत. ह्यांनी व्यापाऱ्याला परवाना विचारला. तो हसून म्हणाला, “आधी पडू द्या हो. कागद काय, मागनं होतोय.”

मी चहाच्या ताटात ग्लास ठेवला आणि अंगणात नेला. चहा देऊन झाल्यावर मला आत जायचं होतं. पाय गेले नाहीत.

“हे रक्तचंदन नाही,” मी म्हटलं. “बिवळा आहे. हा ग्लास उन्हात धरा.”

आवाज इतका बारीक निघाला की व्यापाऱ्याने “आँ?” केलं आणि मला ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं. त्याने ग्लास उन्हात धरला. पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं आणि कडेला निळसर झाक मारत होतं. त्याने ग्लास करवतवाल्यापुढे केला.

“बिबळाच हाय,” करवतवाला चहा पीत घाटावरच्या उच्चारात म्हणाला. “लांबनंच दिसला मला.”

“मग बोलला का नाहीस?”

“मला तोडायला आणलंय मालक. वळखायला कुठं आणलंय?”

भाऊजी लाल झाले. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते, तरी ते जाऊबाईंकडे बघून म्हणाले, “तिला विचार, एवढं माहीत होतं तर आधी का नाही बोलली.”

जाऊबाई दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या. चुलीवर दूध नव्हतं.

“कोणी विचारलं नाही,” मी म्हटलं. बावीस वर्षांत भाऊजींशी थेट बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कडेच्या झाडाने तोंड उघडलं असावं.

झाड वाचलं, पण पंधरा हजार परत द्यायचे होते. भाऊजींनी गेट विकायला काढलं. त्यावर दुसऱ्याचं नाव असताना कोण घेणार? मग मीच जाऊबाईंना सांगितलं की पैसे आम्ही फेडू. सही ह्यांची होती, आणि नाव ठाऊक असून गप्प बसलेली मी होते. उन्हाळ्यात फणसपोळी घातली, आमसुलं केली, शहरातल्या एका दुकानात दिली. हे रात्रपाळीच्या राखणीलाही जाऊ लागले. व्यापारी महिन्या-दोन महिन्यांनी रत्नागिरीला यायचा, तेव्हा हे स्टँडवर जाऊन जमतील तेवढे देऊन यायचे.

भाऊजी आता पाहुण्यांना मागे नेऊन झाड दाखवतात. हा औषधी बिवळा, सांगतात, व्यापारी रक्तचंदन म्हणून न्यायला आला होता, पण आम्ही फसलो नाही. माझ्याशीही थेट बोलतात. चहात साखर जास्त झाली, कपडे आत घे, असं दिवसभर चालू असतं. मला पूर्वीचंच बरं वाटतं.

शेवटचे आठशे राहिले तेव्हा हे तापाने पडले होते, म्हणून मी गेले. स्टँडवर व्यापारी आपल्या मुलीच्या लग्नाची खरेदी घेऊन बसला होता. रुमाल सोडून मी नोटा दिल्या. त्याने थुंकी लावून दोनदा मोजल्या, खिशात घातल्या आणि म्हणाला, “फिटले बघा वहिनी. आता एक रुपया राहिला नाही.”