शितांनी चिकटवलेली चिठ्ठी

मिरजगावजवळच्या एका शाळेत मी शिकवायचे. नव्वदच्या दशकात घरी निरोप पाठवायचा तर चिठ्ठीशिवाय मार्ग नव्हता. आईबापांना वाचता येत नसे. मग पोरंच ती वाचून दाखवत, आणि सोयीपुरतंच वाचत. त्याची मला भारी चीड होती.

तिसरीतल्या एका हुशार मुलीचे आईवडील कोपरगावकडे ऊसतोडीला निघाले होते. मी लिहिलं, "पोरीला नेऊ नका. आजीपाशी ठेवा, अभ्यासाचं मी बघते." पोरीने मधेच फोडू नये, शेजारच्या कुणीतरी वाचून दाखवावी म्हणून मी शहाणीने डब्यातल्या भाताच्या शितांनी चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या दिवशी पोरीची जागा रिकामी.

उन्हाळ्यात आई तिला घेऊन शाळेत आली. पोरीच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. आईने प्लास्टिकच्या पिशवीतून जपून चिठ्ठी काढली.

"बाई, तुमी दाखला दिला म्हनून पोरीला बिनघोर नेली. तिकडच्या मास्तरला बंदच द्यावा म्हनलं, पर कुनी मागितलाच न्हाई."

मी चिठ्ठी हातात घेतली. एकही शीत सुटलं नव्हतं.