बँडच्या खोलीतली एलएलबी

आमच्या बँडपार्टीत नवीन गाणं बसवाले आठ दिवस लागते, किस्सा मात्र चहा उकळेपर्यंत तयार होते. मी साइड ड्रम वाजवतो. आता एवढे जमा झाले का ठेवाले जागा नाही, म्हणून सांगून टाकतो. आज फक्त आमच्या मास्तरच्या पोरीचे सांगतो. बाकीचे पोरीबाळींसमोर सांगण्यासारखे नाहीत.

मास्तर म्हणजे सुधाकरभाऊ, ट्रंपेटवाले. त्यांच्या घरच्या समोरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस. अख्ख्या घरात कूलर एकच, तो त्याच खोलीत. अन् नागपुरात लगीनसराई अन् परीक्षा दोन्ही उन्हाळ्यातच येतात. त्याच्यानं प्रणाली कूलरसमोर बसून एलएलबीचा अभ्यास करे, अन् तिच्या पाठीमागं आम्ही अकरा जण फुंकत-बडवत राहू. सीझन तिचाबी अन् आमचाबी.

*

एकदा मास्तरचे साळे आले. शाळेत शिक्षक आहेत, बोलणं एकदम फळ्यावर लिहिल्यासारखं. कानावर हात ठेवून म्हणाले, "भाऊजी, अभ्यासाला शांतता लागते. गाण्याबजावण्यानं मुलांचं नुकसान होतं."

आमचा शालिक, तो सगळ्यात मोठा भोंगा वाजवते. त्यानं भोंगा खाली ठेवला.

"गुरुजी, मी दहावीत तीनदा नापास झालो. आमच्या घरी तं तवा रेडिओबी नव्हता."

गुरुजींनी चहा संपवला अन् उन्हाच्या आत निघतो म्हणाले. बाहेर तवा भर दुपार होती.

*

प्रणालीले मोठ्यानं वाचाची सवय. आम्ही जोरात वाजवलं का तिचा आवाजही चढे. एक दिवस गाणं संपलं, तरी तिचं वाचणं त्याच पट्टीत चालू. मास्तरच्या कानावर दोन-तीन शब्द पडले.

"काय वाचून राहिली वं?"

"ध्वनिप्रदूषणाचा कायदा, बाबा."

मास्तरनं ट्रंपेट मांडीवर ठेवलं. "आमचं नाव आहे का त्याच्यात?"

"नाव नाही. वर्णन आहे."

*

तिची एक मैत्रीण होती ऋचा, धरमपेठेतली. कानात इयरफोन टाकून हळू हळू म्युझिक लावल्याशिवाय तिचा अभ्यासच होत नसे. पावसाच्या आवाजावर पियानो, असं काहीतरी. एकदा पुस्तकं घेऊन ते आमच्या खोलीत आली. आम्ही वरातीतल्या घोडीनाचाची गत बसवून राहिलो होतो. तिनं पहिले एक इयरफोन काढला, मंग दुसरा. मले वाटलं आता उठून जाते. तं पोरगी घटनेच्या पुस्तकावर डोकं ठेवून गाढ झोपली! झांज तिच्या डोक्याच्या दोन हातावर.

मास्तरची बायको, आमची वहिनी, म्हणाली, "उठवू का हो तिले?"

"झोपू दे," मास्तर म्हणाले. "जिले इथं झोप लागली, ते कोर्टात कोणाच्या बापाले भेणार नाही."

*

पण पहिल्याच वर्षी प्रणालीचा एक पेपर बॅक लागला. कोणी तोंडावर बोललं नाही, पण साऱ्या नात्यात एकच चर्चा, बँडनं पोरीचं वाटोळं केलं. मास्तरच्या मनाले भल्लं लागलं. मले म्हणाले, "अरे, मी जगभराच्या पोरीइच्या लग्नात वाजवतो, अन् माह्या पोरीच्या नशिबाचंच वाजवून ठेवलं का गा?" मलेही तसंच वाटून राहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस बंद. म्हणजे घरी बंद. शहराबाहेर वाडीले ट्रकवाल्यांच्या गोदामामागं मोकळा प्लॉट आहे, तिथं एका बाभळीखाली आम्ही वाजवाले लागलो. ऊन असं, का ट्रंपेट हातात धरवत नाही. तिसऱ्या दिवशी पाहतो तं प्रणाली स्कूटीवर, डोक्याले दुपट्टा गुंडाळून, समोर पुस्तकाची थैली. आली अन् ड्रमच्या पेटीवर बसली.

मास्तर भडकले. "घरी कूलर सोडून इथं काहून आली?"

"घरी अभ्यास होत नाही बाबा. कूलरचा लय आवाज येते."

तो पेपर तिनं काढला. मंग प्रॅक्टिस पुन्हा घरी आली.

*

शेवटच्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडं लग्न भर दुपारचे. वरात निघाली, नवरदेव घोडीवर, पोट्टे नाचून राहिले, गाणं एकदम रंगात. रस्ता नेमका प्रणालीच्या परीक्षेच्या कॉलेजवरून. फाटक दिसलं अन् मास्तरनं हात वर केला. आम्ही गाणं अधामधात सोडलं.

नवरदेवाचा मामा धावत आला. "काहून थांबले? मयतीले आलो का आम्ही?"

मास्तर म्हणाले, "आत पोरगी पेपर लिहून राहिली."

"कोणाची?"

"माही."

मामा वळला अन् त्यानंच साऱ्याइले तोंडावर बोट ठेवून दाखवलं. कॉलेजची भिंत संपेपर्यंत ते वरात बिनाआवाजाची चालली. नाचणारे पोट्टेही गुमान. मी ड्रम पोटाशी दाबून धरला होता, चुकून वाजू नये म्हणून. इतक्या वराती केल्या, पण त्या वरातीएवढा दिमाख मले एकीतही वाटला नाही.

संध्याकाळी प्रणाली घरी आली ते भांडतच. "गाणं मधातच काहून सोडलं? मस्त लिहून राहिली होती. मंग कितीक वेळ अंतऱ्याची वाट पाहत बसली!"

*

तिचा निकाल लागला त्या दिवशी आमची एकही ऑर्डर नव्हती, तरी अकराही जण ड्रेस घालून आलो. आमच्या साऱ्याइच्या घरात मिळून हे पहिली वकील. प्रणालीले दारात खुर्चीवर बसवलं. अख्खी गल्ली जमली.

मी ड्रमवर सुरुवात दिली. आता ट्रंपेट याले पाह्यजे, तं आलं नाही. मी पुन्हा सुरुवात दिली. मास्तरनं ट्रंपेट तोंडाले लावलं होतं, गालही फुगले होते, पण निघाली नुस्ती हवा. तिसऱ्यांदाही तेच.

ट्रंपेटात फुंकून फुंकून वाफेचं पाणी साचते, ते मधामधात झटकून टाका लागते. मास्तर आमच्याकडं न पाहताच म्हणाले, "पाणी अडकलं गा याच्यात."

शालिकनं त्यांच्या हातचं ट्रंपेट घेतलं, उलटं केलं, दोनदा झटकलं. एक थेंब पडला नाही.