हंबीररावाची दांडगी केबल

उचगावचा हंबीरराव जगातली कुठलीही वस्तू जाडीवर जोखतो. दोर, काठी, जावई, सगळं. म्हशीचं दावं विकत घेताना पायाखाली धरून हिसका मारायचा, ही त्याची परीक्षा. चार्जिंगची केबल घेतानाही त्यानं तेच केलं. दुकानदार आदर्श कळवळला.

"मामा, दावं न्हवं ते! आन् ही चार्जिंगला वाघ हाय, पण व्हिडिओ टाकायला लय मंद. त्याला दुसरी लागती."

"एवढी दांडगी आन् मंद?"

तालमीत उभा जन्म घालवलेल्या माणसानं हे विचारावं!

केबल चार्जिंगला खरंच वाघ निघाली. अंघोळ उरकेस्तोवर फोन भरला. हंबीरराव गल्लीभर मिरवून आला.

दिवाळीच्या पाडव्याला गावात म्हशींची शर्यत झाली. पुढं बिनसायलेन्सरची मोटरसायकल, मागं म्हैस. हंबीररावाची म्हैस मोना अशी सुटली की रस्ता फाटला. गाडी हंबीरराव हाकत होता, मागं उलटं बसून जावयानं ते सगळं सासऱ्याच्या फोनात टिपलं. संध्याकाळी चौकात मोठ्या पडद्यावर व्हिडिओ दाखवायचे होते. मोना दिसली नाही, तर शेजारचा दादासो वर्षभर स्वतःच्याच म्हशीचं कौतुक ऐकवणार!

हंबीररावानं दांडग्या केबलनं फोन मंडळाच्या लॅपटॉपला जोडला. व्हिडिओ केवढा तरी जड. काही केल्या पुढं सरकेना. तेवढ्यात दादासोची म्हैस पडद्यावर दोनदा पळून गेली.

"हंबीरराव, तुमची म्हस वाटंत चरायला थांबली काय?" दादासोनं विचारलं.

हंबीररावाची बायको चिमणाबाई घरातून वीतभर बारीक केबल घेऊन आली. लेकीच्या लग्नाच्या शूटिंगची हार्डडिस्क आली होती, तिच्यासोबतची.

"अवो, ही लावा की."

"ह्या सुतळीनं म्हस वडायची व्हय?"

लॅपटॉपवरचा राजवर्धन म्हणाला, "काका, पडदा उतरवतोय हं आता."

हंबीररावानं चौकाकडं पाठ केली आणि गुपचूप केबल बदलली. चहाचा घोट गिळायच्या आत व्हिडिओ लॅपटॉपात!

मोना पडद्यावर आली. शिट्ट्या पडल्या. मग गाडीच्या फटफटाटाच्या वर चढलेला हंबीररावाचा आवाजही आला, "चल माझी राणी! तुझ्याबिगर कोण हाय गं मला!"

चौक हसून लोळला. चिमणाबाईनं पदर खोचला. "लगीन झाल्यापास्नं मला कधी असं म्हणाला न्हाईसा! जेवाण आज राणीकडंच मागा."

हंबीरराव शेवटी जेवला दादासोच्या घरी. दादासोच्या म्हशीचं कौतुक ऐकत.